लोकशाहीच्या दरबारातील छायाचित्रकार

स्वातंत्र्याच्या पहिल्या दशकाचे जे चित्र आज सामान्य वाचकाच्या डोळ्यांपुढे उभे राहते, म्हणजे लाल किल्ल्याच्या तटावर चढणारा तिरंगा, निरोपाच्या लवाजम्यासह दिल्ली सोडणारे लॉर्ड माउंटबॅटन, हातातले कबूतर आकाशात सोडणारे पंडित नेहरू, त्यांतील बहुतेक भाग त्याने स्वतः पाहिलेला नसतो, कोणाच्या तरी कॅमेऱ्याकडून तो उसना घेतलेला असतो. आणि हे ‘कोणी तरी’ म्हणजे नेमके कोण, असा प्रश्न त्याला सहसा पडत नाही, कारण लेखाखाली लेखकाचे नाव शोधणारा वाचक छायाचित्राखाली मात्र छायाचित्रातल्या पुढाऱ्याचेच नाव शोधतो. वर उल्लेखिलेले तिन्ही प्रसंग टिपणाऱ्या होमाई व्यारावाला या पारशी बाई त्या काळच्या दिल्लीतील वृत्तछायाचित्रकारांच्या घोळक्यात स्त्री म्हणून एकट्याच होत्या. सुमारे तीस वर्षे त्यांनी हा व्यवसाय केला, तो आपखुषीने सोडला, आणि सोडल्यावर इतक्या निमूटपणे दूर झाल्या, की देशाला त्यांची ओळख नव्याने करून द्यावी लागली.

होमाईबाईंचा जन्म ९ डिसेंबर १९१३ रोजी नवसारीस झाला. त्यांचे वडील दोसाभाई हाथीराम हे फिरत्या उर्दू-पारशी नाटक मंडळीत होते, त्यामुळे बालपण गावोगावच्या मुक्कामांत गेले आणि पुढे कुटुंब मुंबईस स्थिरावले. मुलीला शिकवण्याची ऐपत बेताची, परंतु हौस मोठी, अशा घरातून त्या मॅट्रिक झाल्या. वर्गात मुलगी म्हणून त्या एकट्याच होत्या, आणि हे एकटेपण त्यांच्या पुढील व्यवसायाची जणू पूर्वतयारीच ठरले. नंतर मुंबई विद्यापीठात अर्थशास्त्र आणि सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला असे दोन परस्परांपासून दूरचे विषय त्यांनी अभ्यासिले. जे. जे.तील शिक्षणाचा संस्कार त्यांच्या छायाचित्रांवर पुढे कायम राहिला; गर्दीतही आकृतींची मांडणी कशी करावी, पांढऱ्याकाळ्याचा तोल कोठे साधावा आणि चौकटीच्या कडेला काय येऊ द्यावे, याचे भान त्यांना बातमीच्या धांदलीतही सुटत नसे.

कॅमेरा त्यांच्या हाती दिला तो माणेकशा व्यारावाला यांनी. ते हिशेबनिसाची नोकरी करीत आणि फावल्या वेळात छायाचित्रे काढून नियतकालिकांना देत. होमाईची व त्यांची ओळख तिच्या तेराव्या वर्षी झाली, विवाह १९४१ साली झाला, आणि मधल्या काळात ओळखीबरोबर विद्याही संपादन झाली. ‘बॉम्बे क्रॉनिकल’मध्ये होमाईबाईंची पहिली छायाचित्रे छापून आली ती स्त्रियांच्या एका सहलीची होती आणि त्यांचा मोबदला दर छायाचित्रास एक रुपया असा मिळाला. त्यानंतर महायुद्ध सुरू झाले. स्टॅन्ली जेप्सन यांच्या संपादकत्वाखालील ‘इलस्ट्रेटेड वीकली ऑफ इंडिया’ला युद्धकालीन मुंबईची छायाचित्रे हवी होती, आणि ती होमाईबाईंनी पुरविली, मात्र सुरुवातीला ती माणेकशांच्या नावावर छापली गेली, कारण छायाचित्रकार म्हणून ओळख त्यांचीच होती आणि एका अपरिचित तरुणीच्या नावाला बाजारात काही पत नव्हती. या व्यवस्थेबद्दल पतीला दोष देण्याचे कारण नाही. पत्नीला शिकविणारे, तिच्या प्रिंट्स तयार करण्यास हातभार लावणारे आणि पुढे तिचे काम आपल्यापेक्षा सरस ठरत असता मागे उभे राहणारे पती त्या पिढीत, किंवा कोणत्याही पिढीत, फार नसतात.

१९४२ साली उभयता दिल्लीस गेले. ब्रिटिश सरकारच्या माहिती खात्याच्या कचेरीत दोघांनाही काम मिळाले, आणि होमाईबाईंना नोकरी सांभाळून बाहेरच्या नियतकालिकांसाठी छायाचित्रे काढण्याची मुभाही मिळाली. दिल्लीत त्यावेळी व्हाइसरॉयचा दरबार शेवटच्या घटका मोजीत होता, आणि त्याच्या जागी येणारा दुसरा दरबार पुढील काही वर्षांत तुरुंगांतून सुटून बैठकांच्या दालनांत जमू लागणार होता. या दोन्ही दरबारांच्या दारांत पाठीवर सामान बांधून सायकलीवरून येणारी साडीतील बाई हे दृश्य पहारेकऱ्यांना चमत्कारिक वाटे. ही बाई हौसेने कॅमेरा मिरवीत असावी, तिच्याकडून कसला उपद्रव होणार, असे समजून ते तिला आत सोडीत. आपल्याला कोणी गांभीर्याने घेत नसे आणि तोच आपला फायदा होता, असे होमाईबाईंनी उतारवयात हसत सांगितले आहे. पुरुष छायाचित्रकारांना जेथे परवाना दाखवावा लागे, तेथे त्यांची उपेक्षा हाच त्यांचा परवाना होता. हा मुद्दा त्यांच्या कारकिर्दीच्या मुळाशी आहे, असे मला वाटते. पुढाऱ्यांचे जे सहज, अनौपचारिक क्षण त्यांच्या छायाचित्रांत सापडतात, त्यांचे श्रेय त्यांच्या नजरेला आहेच. परंतु त्या नजरेपुढे सावध होण्याची गरज समोरच्या माणसाला वाटली नाही, याचाही त्यात मोठा वाटा आहे.

आता ज्या अवजारांनी हे काम चाले त्यांविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण खिशातल्या दूरध्वनीने क्षणात शंभर छायाचित्रे घेणाऱ्या आजच्या वाचकाला त्या श्रमाची कल्पना येणे कठीण आहे. त्या काळी वृत्तछायाचित्रकाराचा मुख्य कॅमेरा म्हणजे ‘स्पीड ग्राफिक’. चार इंच रुंद व पाच इंच लांब अशा सुट्या फिल्मवर तो चित्र घेई. एका चपट्या होल्डरमध्ये पुढे एक व मागे एक अशा दोनच फिल्म मावत. होल्डर कॅमेऱ्याच्या पाठीत सरकवायचा, फिल्म झाकणारी पट्टी ओढून काढायची, शटरची कळ ताणायची, अंतर जुळवायचे, मग चित्र घ्यायचे. त्यानंतर पट्टी परत सारून होल्डर उलटा करायचा, आणि एकदाच पेटून विझणारा फ्लॅशचा बल्ब, तो अजून चटका देण्याइतका तापलेला असताना काढून, त्या जागी दुसरा बसवायचा. ही सारी कवाईत होईपर्यंत समोरचा राष्ट्रप्रमुख हस्तांदोलन आटोपून पाठमोरा झालेला असे. म्हणजे दुसरी संधी मिळेल असे धरून चालण्याची सोयच नव्हती, आणि कोणता क्षण घ्यायचा याचा निर्णय तो क्षण येण्यापूर्वीच मनाशी झालेला असावा लागे. दुसरा कॅमेरा ‘रोलिफ्लेक्स’. तो छातीशी धरून, मान खाली घालून, वरच्या काचेत उमटणारे डावेउजवे बदललेले चित्र पाहत वापरायचा. एका रिळात बारा चित्रे. या कॅमेऱ्याचा एक गुण असा, की छायाचित्रकार समोरच्या माणसावर डोळा रोखत नाही, त्याच्यापुढे मान लववून उभा राहतो, आणि मान लववलेल्या माणसाची भीती कोणालाच वाटत नाही.

१९४७ च्या जूनमध्ये काँग्रेसच्या बैठकीत फाळणीच्या योजनेवर हात वर करून मते देण्यात आली, त्याचे होमाईबाईंनी घेतलेले छायाचित्र प्रसिद्ध आहे. बातमीदाराने त्यावर स्तंभच्या स्तंभ लिहावेत असा तो प्रसंग, परंतु छायाचित्रात दिसतात ते केवळ वर गेलेले हात. एका उपखंडाचे दोन तुकडे करण्याचा निर्णय सहकारी सोसायटीच्या वार्षिक सभेतील ठरावासारखा मंजूर होताना दिसतो, आणि त्या साधेपणामुळेच तो पाहणाऱ्याच्या अंगावर येतो. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये, कराचीस प्रयाण करण्यापूर्वी बॅरिस्टर जीनांनी दिल्लीत शेवटची पत्रपरिषद घेतली, तेव्हा गर्दीवरून चित्र मिळावे म्हणून होमाईबाई खोक्यांवर चढल्या आणि धाडकन खाली पडल्या. जीनांसारख्या करारी माणसानेही चमकून, लागले तर नाही ना, अशी चौकशी केली. १६ ऑगस्ट रोजी लाल किल्ल्यावर ध्वजारोहण झाले, तेव्हाही त्या तेथे होत्या.

जेथे त्या असायला हव्या होत्या आणि नव्हत्या, असा प्रसंग ३० जानेवारी १९४८ चा. त्या सायंकाळी बिर्ला भवनातील प्रार्थनासभेस जाण्यास त्या निघाल्या होत्या. आज नको, उद्या दोघे मिळून जाऊ, असे म्हणून माणेकशांनी त्यांना परत बोलावले, आणि त्या परतल्या. थोड्याच वेळाने गांधीजींच्या हत्येची वार्ता आली. अंत्ययात्रेची व दहनाची छायाचित्रे त्यांनी घेतली, परंतु त्या सायंकाळची रुखरुख त्यांना जन्मभर राहिली. एरवी गांधीजी म्हणजे छायाचित्रकारांना अवघड जाणारे गृहस्थ. फ्लॅशचा झगझगाट त्यांना मानवत नसे आणि या मुलीच्या बल्बमुळे आपण आंधळे होऊ, अशी थट्टेच्या सुरातली तक्रारही त्यांनी होमाईबाईंविषयी केली होती.

होमाईबाईंचा लाडका विषय मात्र पंडित नेहरू. छायाचित्रकाराला हवे ते सारे त्या गृहस्थांत होते: रेखीव चेहरा, क्षणाक्षणाला पालटणारी मुद्रा, उत्तम पोशाख, आणि कॅमेरा कोठे आहे याचे पक्के भान असूनही ते विसरल्यासारखे वागण्याची हातोटी. पालम विमानतळावर ‘छायाचित्रे घेण्यास सक्त मनाई’ असा इंग्रजी फलक लावलेला होता. नेमके त्याच फलकाशी भारताचे पंतप्रधान उभे आहेत आणि त्यांचे छायाचित्र घेतले गेले आहे, हा विनोद होमाईबाईंच्या नजरेने हेरला, आणि तो समजण्यासाठी कोणत्याही मजकुराची गरज उरली नाही. दुसरे एक छायाचित्र विमानातले आहे. ब्रिटिश उपउच्चायुक्तांच्या पत्नी श्रीमती सायमन यांची सिगारेट नेहरू पेटवून देत आहेत. त्यांच्या स्वतःच्याही ओठांत सिगारेट आहे, डोळे ज्योतीकडे लागलेले आहेत, आणि सारी मुद्रा एखादे नाजूक काम अंगावर घेतलेल्या सभ्य गृहस्थाची आहे. पुढारी म्हणजे तसबिरीतला देव असे मानणाऱ्या त्या जमान्यात हे छायाचित्र छापणे औचित्याला धरून झाले नसते. होमाईबाईंनी ते घेतले, पण त्याचा गवगवा केला नाही. पुढे कित्येक वर्षांनी ते लोकांपुढे आले, तेव्हा त्याच्यावरून नेहरूंची निंदा करणारेही निघाले आणि त्यांच्यावर अधिकच लोभ करणारेही निघाले. १९६४ साली नेहरू गेले, तेव्हा इतर छायाचित्रकारांना दिसू नये अशा बेताने तोंड वळवून होमाईबाई रडल्या.

या वर्षांत दिल्लीस आलेल्या पाहुण्यांची यादी म्हणजे शीतयुद्धाच्या इतिहासाची अनुक्रमणिकाच आहे: बुल्गानिन व ख्रुश्चेव, हो चि मिन्ह, आयझेनहॉवर, मार्टिन ल्यूथर किंग, राणी एलिझाबेथ, जॅकलीन केनेडी. त्या साऱ्यांची येथे हजेरी घेण्याचे कारण नाही, कारण स्वागतसमारंभाची छायाचित्रे शेवटी एकमेकांसारखी दिसू लागतात, आणि होमाईबाईंचीही त्याला सर्वस्वी अपवाद नाहीत. अपवाद आहे तो १९५६ सालचा. बुद्धाच्या अडीच हजाराव्या जयंतीच्या निमित्ताने तरुण दलाई लामा नथु ला खिंडीतून सिक्कीममध्ये उतरले, तेव्हा दिल्लीच्या हिरवळी सोडून होमाईबाई गंगटोकच्या बाजूला पोहोचल्या होत्या. त्यांनी टिपलेला तो प्रवेश आज पाहताना, तीन वर्षांनी हेच गृहस्थ परतीची वाट बंद झालेले निर्वासित म्हणून भारतात येणार आहेत, हे ठाऊक असल्यामुळे, त्या छायाचित्राला घेणारीच्याही कल्पनेत नसलेला अर्थ चिकटला आहे.

येथे एक आक्षेप विचारात घ्यावा लागतो. ज्या वर्षी दिल्लीच्या बैठकांत हात वर झाले, त्याच वर्षी पंजाबातून माणसांचे तांडे जीव मुठीत धरून चालले होते, आणि त्यांचे दुःख मार्गारेट बर्क-व्हाइट या अमेरिकन बाईंच्या कॅमेऱ्याने जगापुढे मांडले. त्याआधी १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात सुनील जाना यांनी कम्युनिस्ट पक्षाच्या ‘पीपल्स वॉर’ या मुंबईहून निघणाऱ्या साप्ताहिकासाठी भुकेने मेलेल्यांची जी छायाचित्रे घेतली, ती पाहून सरकारी अहवालांची भाषा खोटी पडली. होमाईबाईंच्या ख्यातनाम छायाचित्रांत ही बाजू फारशी दिसत नाही. त्या समारंभाच्या छायाचित्रकार होत्या. राज्य कसे मिरवते, कसे बसते-उठते, पाहुण्यांशी कसे हसते, हे त्यांनी टिपले, आणि ज्यांच्या नावाने हे सारे चालले होते ती रयत त्यांच्या चौकटीत बहुधा दोराच्या पलीकडे उभी आहे. ही मर्यादा आहे, यात शंका नाही. परंतु समारंभ म्हणजे निव्वळ देखावा, असे म्हणून ती छायाचित्रे बाजूला सारणेही मला पटत नाही. नव्याने जन्मलेल्या प्रजासत्ताकाला आपले रीतिरिवाज स्वतःच घडवायचे होते. राष्ट्रपतीने कोणत्या बग्गीतून जावे, पंतप्रधानाने पाहुण्याच्या किती जवळ उभे राहावे, आणि छायाचित्रकाराला किती जवळ येऊ द्यावे, याचे दंडक कोठेही लिहिलेले नव्हते. ते घडत असताना पाहणारी एक शांत, चित्रकलेत मुरलेली नजर तेथे हजर होती, आणि तिने ठेवलेली नोंद म्हणजे एका दरबाराची तपशीलवार बखर आहे. बखरीवरून दुष्काळ कळत नाही, एवढ्यासाठी कोणी बखर जाळीत नाही.

व्यवसायात त्यांचे टोपणनाव ‘डालडा १३’ असे पडले होते. जन्म १९१३ चा, भावी पतीची भेट तेराव्या वर्षी, आणि पहिल्या मोटारीचा क्रमांक डी. एल. डी. १३, हा अशुभ मानला जाणारा आकडा त्यांनी मिरवला.

१९६९ साली माणेकशा वारले आणि १९७० मध्ये होमाईबाईंनी कॅमेरा ठेवून दिला. वय सत्तावन्न, हात स्थिर, मागणी कायम. तरीही त्या थांबल्या. त्यांचे म्हणणे असे होते, की त्यांच्या वेळी छायाचित्रकारांना पोशाखाचा आणि वागण्याचा काही दंडक असे, एकमेकांचा मान राखला जाई. नव्या पिढीला फक्त झटपट पैसे हवे होते, आणि त्या धक्काबुक्कीत उभे राहण्याची त्यांची इच्छा नव्हती. या कारणापाठीमागे आणखी एक बदल होता, असे मानण्यास जागा आहे. सत्तेभोवतीचा बंदोबस्त वाढला, पुढारी आणि छायाचित्रकार यांच्यातील ओळखीचे नाते संपले, आणि उपेक्षेच्या जोरावर आत शिरण्याची दारे एकेक करून बंद झाली. ज्या अटींवर त्यांची कला उभी होती त्या अटीच उरल्या नाहीत, तेव्हा त्यांनी कलेला वेगळ्या अटींवर राबविले नाही, इतकेच.

नंतर त्या मुलाबरोबर आधी राजस्थानात पिलानीस आणि मग बडोद्यास राहिल्या. १९८९ साली एकुलता एक मुलगा कर्करोगाने गेला, आणि पुढची दोन तपे त्यांनी बडोद्यात एकटीने काढली. बाग करावी, घरातली सुतारकी व दुरुस्त्या स्वतःच कराव्यात, मोटार स्वतः हाकावी, असा तो क्रम होता. नव्वदी उलटल्यावर त्यांनी नॅनो गाडी घेतली, याची बातमी वर्तमानपत्रांतून झळकली, आणि बातमी लिहिणाऱ्या कित्येकांना छायाचित्रकार होमाईबाईंपेक्षा नॅनोवाल्या आजीबाईच अधिक रंजक वाटल्या. त्यांच्या कामाचा खरा शोध घेतला तो सबीना गडिहोक यांनी. १९९८ चा ‘थ्री विमेन अँड अ कॅमेरा’ हा त्यांचा अनुबोधपट आणि २००६ मध्ये आलेले होमाईबाईंवरील त्यांचे पुस्तक, यांमुळे पुढाऱ्यांच्या नावांखाली दडलेले हे नाव वर आले. होमाईबाईंनी आपला संग्रह दिल्लीच्या अल्काझी फाउंडेशनच्या स्वाधीन केला, २०१० मध्ये राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांच्या समग्र कारकिर्दीचे प्रदर्शन भरले, २०११ साली सरकारने पद्मविभूषण दिले, आणि १५ जानेवारी २०१२ रोजी, अठ्ठ्याण्णवाव्या वर्षी, त्या बडोद्यास निधन पावल्या.

या संग्रहातील दिल्लीच्या छायाचित्रांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. मुंबईची मात्र अजूनही उमेदवारीच्या काळातली म्हणून मागे राहतात. तो माझ्या मते अन्याय आहे. जे. जे.च्या वर्गात काम करणाऱ्या विद्यार्थिनी, त्यांतली रेहाना मोगल ही होमाईबाईंची मैत्रीण, जिने त्यांच्या कॅमेऱ्यापुढे पुनःपुन्हा बसून नव्या शहरी तरुणीची एक प्रतिमाच उभी केली, युद्धकाळात हवाई हल्ल्यांपासून बचावाचे शिक्षण घेणाऱ्या स्त्रिया, पावसाने ओले झालेले व्हिक्टोरिया टर्मिनस. या छायाचित्रांत ना राष्ट्रप्रमुख आहेत ना लवाजमा. येथे कोणी कोणाचे स्वागत करीत नाही. मुली काम करतात, हसतात, कॅमेऱ्याकडे पाहतात किंवा पाहत नाहीत, आणि त्यांच्याकडे पाहणारी मुलगी त्यांच्यातलीच एक आहे. ती छायाचित्रे मराठी टिपणांसह एका पुस्तकात यायला हवीत. त्यातल्या रस्त्यांची, दुकानांच्या पाट्यांची आणि पोशाखांची ओळख पटविणारी माणसे मुंबईत अजून थोडीफार आहेत, आणि हे काम त्यांच्या हयातीतच व्हायला हवे.